पांढरे पडलेले बावटे
वरोरला समुद्रात टाकलेल्या जाळ्यांवर आम्ही बावटे लावतो, म्हणजे दुसऱ्या बोटी लांबून वळतात. रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या लहानपणच्या मित्राने फ्लोरोसंट नारिंगी रंग आणून दिला. "वर्षभर उडणार नाही," तो म्हणाला. मी सगळे बावटे रंगवले. पंधरा दिवसांच्या उन्हात ते पांढरे पडले आणि एक बोट सरळ माझ्या जाळ्यावरून गेली.

मी त्याचं घर गाठलं.

"उन्हात टिकत नाही म्हणूनच कंपनीने तो काढून टाकला होता," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"तू एवढा खूश झालास, मग मला सांगवेना."

आठ दिवस मी जाळं सांधत बसलो. तो मदतीला आला, तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवलं.