भाचीचा बाप्तिस्मा आणि भिलाईची लाल धूळ

भिलाईला जायची मला काडीची हौस नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रवासाबद्दल लिहिणारे लोक घरातून निघण्यापूर्वीच खूश झालेले असतात. मी चिडूनच निघाले होते.

ही साठ सालानंतरची गोष्ट. भिलाईचा कारखाना सुरू झाला होता आणि तरी अजून बांधलाही जात होता. माझा धाकटा भाऊ सुधाकर तिथे फिटर होता. तिथल्याच दवाखान्यातल्या नर्सशी, केरळच्या मरियम्माशी, त्याने लग्न केलं होतं. ती जुन्या सिरियन परंपरेतली ख्रिस्ती. आम्ही नागपूरचे, मिशनच्या मंडळीतले, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांना मुलगी झाली आणि बाबांनी मला बोलावून सांगितलं, "बाळाचा बाप्तिस्मा आपल्या मंडळीत व्हायला हवा. तिथे धूप, घंटा, पडदे चालतात. तू जा आणि त्यांना घेऊन ये."

बाबा निवृत्त मास्तर आणि मंडळीतले पंच. त्यांच्यापुढे नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. गंमत म्हणजे ज्या मंडळीसाठी मी भांडायला निघाले होते, तिचाच मला कंटाळा आला होता. मागच्या रविवारी उपासना संपल्याबरोबर पंखा कुठल्या बाजूला लावायचा यावर वाद झाला होता. उपासनेतलं पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असायचं. आई गेल्यापासून तर मी तिथे नुसती हजेरी लावायचे. डोळे मिटून प्रार्थनेला बसलं की घरची आमटी आठवायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पॅसेंजर नागपूरहून वेळेवर सुटली, एवढंच तिच्याबद्दल चांगलं बोलता येईल. गोंदियाला ती एवढी थांबली की लोक खाली उतरून आंघोळी करून आले. पुढे डोंगरगढच्या अलीकडे जंगलात पुन्हा थांबली. कारण कुणालाच माहीत नव्हतं. डब्यात निम्मे लोक भिलाईला कामाच्या शोधात चाललेले. समोरच्या भंडाऱ्याच्या गृहस्थांनी मला विचारलं, "बाई, तुमचं कोन हाय कारखान्यात?"

"भाऊ."

"मंग माह्यासाठी दोन शब्द टाकता का?"

मी म्हटलं, माझ्याच शब्दाला तिथे किती किंमत आहे तेच बघायला चालले आहे.

दुर्गला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि सुधाकर आलेला नव्हता. स्टेशनबाहेर गरम भजी मात्र झकास मिळाली; दुर्गची ती एक आठवण मी आजही बिनतक्रार सांगते. सायकलरिक्षावाले भिलाईचं नाव काढताच मान हलवायचे. शेवटी एक जण तयार झाला आणि वाटभर छत्तीसगढीत कुरकुरत राहिला. रस्ता म्हणजे मुरमाची लाल धूळ. ट्रक गेला की आम्ही दोघे दिसेनासे व्हायचो. आज जाणाऱ्यांनी खुशाल जावं, ऑटो मिळतात, सिविक सेंटरला बसून निवांत खाता येतं, रस्त्यांवर सावली आहे. तेव्हा झाड म्हणून नव्हतं. एकसारखी घरं, एकसारख्या गल्ल्या. पत्ता विचारावा तर कुणी तेलुगूत सांगे, कुणी बंगालीत, कुणी पंजाबीत. तासभर फिरून आम्ही सुरुवातीला लागलेल्या नळापाशीच परत आलो तेव्हा रिक्षावाल्याने मला उतरवलं आणि निघून गेला.

क्वार्टर सापडलं तेव्हा सुधाकर डबल ड्यूटीवरून येऊन झोपला होता. मरियम्माने दार उघडलं, माझा लाल झालेला पदर पाहिला आणि आधी पाण्याची बादली पुढे केली. मग भात आणि माशाचं आंबट कालवण. इतकं चांगलं कालवण खाऊन भांडायला बसणं अवघड असतं, पण मी बसले.

"बाळाले घेऊन चाल नागपूरले," मी सुधाकरला म्हटलं. "बाबानं सांगतलं."

"ताई, रविवारी फादर येऊन राह्यले. बाप्तिस्मा इथंच होईन."

"कावून? आपली मंडळी मेली का?"

त्याने मरियम्माकडे पाहिलं. मरियम्मा बाळाला थोपटत म्हणाली, "दीदी, रविवार को आप आओ. देखो. फिर जो बोलना है, बोलो."

तिचा आवाज अजिबात चढला नाही. त्याचाही मला राग आला.

रविवारी सकाळी चहा मागितला तर कळलं, उपाशीपोटी जायचं असतं. म्हणजे चहासुद्धा नाही! चर्च म्हणजे बांधकामाच्या सामानाची एक रिकामी पत्र्याची शेड. रशियाहून यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून आली, ती एकावर एक रचून वेदी केलेली. पांढऱ्या चादरीखालून त्यांच्यावरची रशियन अक्षरं डोकावत होती. पुढे तारेवर लाल पडदा. चपला बाहेर काढायच्या. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, डोक्यावर पदर, आणि बसायला काही नाही. फादरची गाडी उशिरा, म्हणून उपासना उशिरा. ते आले, दाढीवरची धूळ झटकली आणि पडद्याआड गेले. कुणाला नमस्कार नाही, स्वागताचे चार शब्द नाहीत.

मग जे सुरू झालं ते संपेचना. मल्याळममधून फादर म्हणायचे आणि सगळी शेड उत्तर द्यायची. मध्येच काही सिरियनमध्ये. मला एकच शब्द पकडता आला, "कुरियेलायसोन", तोही अर्थ माहीत नसताना; 'प्रभू, दया कर' हे पुढे कळलं. फादर आमच्याकडे पाठ करून उभे. धूप डोळ्यांत जात होता, पत्रा तापला होता, टाचा दुखत होत्या. बाहेर डंपर घरघरत होते. बाबांना काय काय सांगायचं याची मी मनात जुळणी करत होते. पडदा ओढला गेला, पुन्हा उघडला, पुन्हा ओढला. मी मरियम्माच्या कानात विचारलं, "अब क्या हो रहा है?"

"प्रार्थना," ती म्हणाली आणि पुन्हा समोर पाहू लागली.

माझी शेवटची चिडचिड ही होती की इथे कुणालाच माझी पर्वा नाही. कुणी समजावत नव्हतं, पटवत नव्हतं, मला आवडतंय का हे विचारत नव्हतं. आमच्याकडे सगळं मला कळेल अशा बेताने चालायचं आणि मला काहीही होत नसे. इथे पडद्यामागे काहीतरी चाललं होतं, माझ्याविना, माझ्या आधीपासून. मी घरी गेले असते तरी ते चाललंच असतं. छोट्या घुंगरांच्या चकतीचा आवाज झाला आणि कारखान्यातली ती दांडगी माणसं, रात्रपाळीच्या लाल डोळ्यांची, एकदम वाकली. मीही वाकले. आमटी आठवली नाही.

मग फादरांनी एकाच्या हातांना स्पर्श केला, त्याने दुसऱ्याच्या. पुढून मागे हातांतून हात येत गेले. मरियम्माने वळून माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, "समाधानम्" म्हणाली, म्हणजे शांती असो, आणि सोडले. माझ्या शेजारची म्हातारी हात पुढे करून थांबली होती. मी तिला तसाच स्पर्श केला. आई आजारी असताना तिचे हात धरायचं मी टाळत असे. गार लागायचे, मला भीती वाटायची. म्हातारीचे हात गरम आणि खरखरीत होते. मला रडू आलं आणि रुमाल चपलांपाशी, पिशवीत राहिला होता. पदराने डोळे पुसले तर लाल धूळ डोळ्यांत गेली.

प्रार्थना संपली आणि बाप्तिस्म्याची तयारी झाली. पितळी घंगाळात ऊन पाणी आणि गार पाणी एकत्र ओतलं. सुधाकर बायकांच्या बाजूला आला, सगळ्यांसमोर.

"ताई, तू म्हणशील त थांबवतो. बाबाले दुखवून मले बी बरं वाटून नाई राह्यलं."

"तुले समजते का तरी, ते काय म्हणून राह्यले ते?"

"नाई समजत. म्हणून त गप उभा राहतो. आपल्या इथं मी कधी गप बसलो होतो, सांग!"

मरियम्मा बाळाला उघडं करून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. फादर थांबले. सगळी शेड थांबली.

"पानी थंडं होऊन राह्यलं," मी म्हटलं. "जा ना आता!"

फादरांनी पाण्यावर फुंकर घातली, क्रुसाच्या आकाराची. सगळ्या अंगाला तेल, मग घंगाळात बसवून डोक्यावरून पाणी. भाचीने असा काही टाहो फोडला की बाहेरचा डंपरवाला आत डोकावून गेला.

परतीची गाडीही उशिराच होती. घरी पोचून बाबांना सरळ सांगितलं: बाप्तिस्मा तिथे झाला, सुधाकर थांबवायला तयार होता, मीच थांबवू दिला नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आत गेले. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. जेवायला वाढलं की ताटाकडे पाहायचे.

मी मंडळी सोडली नाही. पंख्याचा वाद चालूच होता आणि मला त्याचा तितकाच वैताग यायचा. फक्त सगळे यायच्या आधी जाऊन मी जरा उभी राहायचे. लवकर आलेल्या बायका विचारायच्या, पाठ धरली का गं?

पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट फिरवायची पाळी बाबांची होती. आमच्याकडे ते काम झटपट चालायचं. चिमटीने तुकडा उचलायचा, ताट पुढे सरकायचं. बाबा माझ्यापाशी आले. मी दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली. मागच्या रांगेतलं कुणीतरी खाकरलं. बाबा ताट धरून उभे राहिले. मग आमच्याकडे कधीच करत नाहीत ते त्यांनी केलं, स्वतः तुकडा उचलून माझ्या ओंजळीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "घे. सावकाश घे."