ठोकाताईंचे कान

ठोकाताईंचं खरं नाव पार्लरमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पार्लर म्हणजे गेम पार्लर. पण नव्या ओळखीच्या बाया "पार्लरमध्ये काम करते" एवढंच ऐकून "भुवयांचं किती घेता?" असं विचारायच्या, आणि ताई शांतपणे सांगायच्या, "मी पिनबॉलची मशीनं दुरुस्त करते. भुवया मला माझ्याच धड जमत नाहीत."

नाव कसं पडलं, तेही सांगतो. जुन्या पिनबॉलमध्ये, म्हणजे काचेखालच्या उतारावर लोखंडी गोळी टोलवत गुण मिळवायच्या खेळात, एखाद्याने ठरलेला आकडा ओलांडला की मशीनच्या आतला लोखंडी दांडा लाकडावर असा आदळतो की शेजारी खेळणारा दचकून मागे बघतो. एक डाव फुकट मिळाला, हे सांगायची ती मशीनची रीत. दुरुस्ती संपली की ताई शेवटी हा ठोका वाजवून बघत. तो छातीत जाणवला नाही, तर पुसून बंद केलेलं मशीन पुन्हा उघडत. झालं, ठोकाताई.

हे काम त्यांना वडिलांकडून आलं. वडील म्हणायचे, "डोळे नंतर वापर. आधी ऐक." जुन्या मशीनमध्ये गोळी जिथे आपटते तिथेच आवाज जन्मतो. आत जाड धातूच्या तीन पट्ट्या असतात, दहा गुणांची एक, शंभराची दुसरी, हजाराची तिसरी. गोळीने धडक दिली की छोटी दांडी उडी मारून पट्टीवर टोला देते. आवाज 'थप' असा बसका आला तर पट्टीखालचं रबर वाळलंय. कर्कश आला तर दांडीचं टोक झिजलंय. ताई लहानपणापासून पार्लरच्या दारात उभ्या राहून, आत न जाताच सांगायच्या, "तिसऱ्या मशीनची मधली पट्टी आजारी आहे."

मग पट्ट्या जाऊन टिकटिक करणारी मशीनं आली. सर्दी झालेल्या चिमणीसारखा त्यांचा आवाज. त्यानंतर बोलणारी आली, आणि आताच्या मशीनमध्ये तर अख्खा वाद्यवृंद बसलेला असतो. ताईंना जुन्याचा हट्ट नव्हता. "जुनं म्हणून सोनं नसतं," त्या म्हणत. "ती चिमणी मला तेव्हाही आवडली नव्हती." नव्या मशीनचा आवाज आधी भरून ठेवलेला असतो आणि स्पीकरमधून येतो, एवढाच त्यांच्या लेखी फरक. चांगला असेल तर चांगला.

वडिलांचं मात्र एक दुखणं त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी वडिलांनी एक मशीन नीट करून दिलं आणि त्याची सगळ्यात बारीक आवाजाची पट्टी वाजतच नव्हती. खेळणारे हसले. वडिलांना ती वाजत नाही हेच कळलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी हत्यारं तेल लावून फडक्यात बांधली आणि ते फडकं पुन्हा कधी उघडलं नाही.

यंदा ताईंना पंचावन्नावं लागलं, आणि त्याच महिन्यात मालकांनी नवंकोरं मशीन आणलं.

समुद्रातल्या वादळाचा खेळ होता. गोळी एका फटीतून गेली की वीज चमके, ढग गडगडत आणि एक भारदस्त आवाजाचा कप्तान ओरडे. मालक पहिला डाव खेळले आणि ताईंकडे वळले.

"काय आवाज आहे ताई! अंगावर काटा आला की नाही?"

ताईंच्या अंगावर काटाबिटा काही आला नव्हता. त्यांना तो गडगडाट कुणीतरी गच्चीवर पत्रा हलवत असल्यासारखा वाटला. कप्तान नाकात बोलत होता. पण भोवती उभी असलेली सगळी माणसं खूश होती. एकाही माणसाच्या तोंडावर शंका नव्हती.

"छान आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांना वडिलांची ती न वाजणारी पट्टी आठवली.

तीन आठवडे त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. सकाळी पार्लर उघडण्याआधी त्या नव्या मशीनचा आवाज वाढवून बघत. पत्रा मोठा होई, ढग काही येत नसत. घरीही तीच गत. नवरा शिंपी, दिवसभर घरातल्याच पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेला. तो काही बोलला की ताईंना "काय?" विचारावं लागे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तो मान हलवून "जाऊ दे" म्हणे. ते 'जाऊ दे' ताईंना जास्त लागायचं.

एके दिवशी मालक आत आले आणि कानांवर हात ठेवून म्हणाले, "ताई, आवाज एवढा मोठा कशाला? रस्त्यापर्यंत जातोय!"

तेवढं पुरे झालं. ताईंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मालक, तुम्ही दुसरं माणूस बघा."

"कशासाठी?"

"माझ्या जागी."

"अहो, आवाज कमी करा म्हटलं, काम सोडा नाही म्हटलं!"

"मला आता जमत नाही," एवढंच बोलून ताई पिशवी उचलून निघाल्या. हसं होऊन जाण्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं, असं त्यांनी रस्ताभर स्वतःला बजावलं. घरी आल्यावर मात्र त्या मोरीत नळ सोडून बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या.

दुपारी मालक थेट शिंप्याकडे गेले. काय झालं, काय नाही, दोघांनी एकमेकांना विचारलं, आणि दोघांनाही काही माहीत नाही हे कळलं. शिंपी उठून स्वयंपाकघरात आला. बायकोसमोर पाट ओढून बसला.

"नीट सांग," तो म्हणाला.

ताईंनी सांगितलं. वडिलांचं, पत्र्याचं, 'जाऊ दे'चं, सगळं.

"एवढे दिवस एकटीच कुढत बसलीस?" शिंपी म्हणाला. "मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस म्हणून ऐकल्या न ऐकल्यासारखं करतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी ताईंना कपाटाएवढ्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बारीक शिट्टी, मग आणखी बारीक, मग भुंग्यासारखी घूं, मग इतकी खोल घूं की ती ऐकू येतेय की नुसती वाटतेय, ते कळेना. तरी त्या दाबत गेल्या.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. "वय झालं की आधी बारीक आवाज जातात. तुमचे अगदी टोकाचे थोडे कमी झालेत, तेवढे माझेही झालेत. जाड आवाज तर विशीतल्या मुलीसारखे ऐकू येतात तुम्हाला."

"पण मला गडगडाटच ऐकू येत नाही!"

"मग तो गडगडाट तिथे नसेल."

"आणि ह्यांचं बोलणं?" ताईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "ते तर रोज समोर असतात."

"तुम्ही काय करता?" डॉक्टरीणबाईंनी शिंप्याला विचारलं.

"शिवणकाम."

"बोलताना टाचण्या कुठे असतात?"

शिंप्याचा हात नकळत ओठांकडे गेला. तीस वर्षं तो ओठांत टाचण्या धरून बोलत आला होता. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. ताईंना हसताना रडू आलं, आणि मग दोन्हीतलं काय चाललंय ते त्यांचं त्यांनाच कळेना.

तिथून ताई घरी गेल्याच नाहीत. वाटेत दुकानातून टॉर्चचा एक सेल घेतला आणि नवऱ्याला घेऊन पार्लर गाठलं. मालक फरशी पुसत होते. "आलात?" ते म्हणाले. ताईंनी नुसती मान हलवली आणि मशीन बंद करून त्याचं पुढचं दार उघडलं.

मशीनला तीन स्पीकर होते. दोन वर, खेळणाऱ्याच्या तोंडासमोर, आणि एक मोठा खाली पोटात, ढगांसाठीच ठेवलेला. ताईंनी एकेका स्पीकरच्या तारा मोकळ्या केल्या आणि त्यांना सेल टेकवून पाहिला. वरच्यांचा पडदा टुणकन पुढे आला. खालच्याला सेल त्याच बाजूने टेकवला, तर पडदा मागे गेला.

"हे बघा," त्या मालकांना म्हणाल्या. "कारखान्यातच ह्याच्या दोन तारा उलट जोडल्यात. वरचे हवा पुढे ढकलतात, तेव्हा हा मागे ओढतो. एकाने दार ढकलायचं, दुसऱ्याने ओढून धरायचं. जाड आवाज आपसातच मरतो."

"पण आम्हाला तर छान वाटत होतं."

"तुम्ही दुसरं असं मशीन ऐकलंय कुठे?"

त्यांनी तारा बदलल्या, सगळं परत जोडलं, दार लावलं आणि मशीन चालू केलं. गोळी फटीतून गेली. गडगडाट फरशीतून वर चढला आणि तिघांच्या पायांत शिरला. कप्तानाचं नाक एकदम मोकळं झालं. मालकांच्या हातातून फडकं पडलं.

"अहो, हे होतं ह्याच्यात?"

ताई मशीनची कड धरून उभ्या होत्या. वडिलांना कुणी तशा बंद खोलीत बसवलं नव्हतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. वडिलांचे कान खरंच गेले होते की ते नुसते घाबरले होते, हे आता कळणार नव्हतं. पण स्वतःचं तरी कळलं होतं.

"दुसरं माणूस बघितलं का?" त्यांनी विचारलं.

"बघायला वेळ कुठे दिलात?" मालक म्हणाले.

शिंपी इतका वेळ हात मागे बांधून उभा होता. बायको इथे तीस वर्षं काम करत होती, पण त्याने एकदाही मशीनला हात लावला नव्हता. आज तो म्हणाला, "मी एक डाव खेळू?"

वादळात त्याची गोळी चार सेकंदांत बुडाली. मग ताईंनी त्याला कोपऱ्यातल्या तीन पट्ट्यांच्या जुन्या मशीनपाशी नेलं. तिथे गोळी बराच वेळ इकडून तिकडे आपटत, टणटणत राहिली, आणि शिंपी दोन्ही कोपरं उडवत लहान पोरासारखा ओरडत होता.

"आता खरं सांगा," ताईंनी विचारलं. "आवाज कुठला चांगला? जुन्याचा की नव्याचा?"

"जुन्याचा," शिंपी म्हणाला. "ह्याच्यात जास्त वेळ ऐकायला मिळाला."