लाजवंतीची बोटं, लॉबस्टरच्या नांग्या

प्रेमदासबद्दल लिहायला बसलोच आहे, तर आधी कबूल करून टाकतो: मी त्याच्यावर जळतो. नाचणगावात आमची शिलाईची दुकानं समोरासमोर, एकोणीस वर्षं झाली. त्याच्याकडे गिऱ्हाईक कपडा टाकतं आणि तासभर गप्पा मारत बसतं. माझ्याकडे माप देतं आणि घड्याळ बघतं. त्याची काजं माझ्यापेक्षा सुबक, हेही खरं. सांगताना दात खावे लागतात, पण खरं.

तान्हा पोळा मात्र माझा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं वेश करून आपापला लाकडी बैल चौकात ओढत आणतात, आणि वेशभूषेचं पहिलं बक्षीस सलग सहा वर्षं माझ्याच शिलाईला मिळत होतं. यंदा मंडळानं विषय दिला, गावानं न पाहिलेला प्राणी. मी नात अंजूसाठी लाजवंती निवडली. वीतभर माकड, पण डोळे बशीएवढे. मोबाइलवर फोटो बघत एकेक बोट वेगळं शिवलं, कारण त्या इवल्या जनावरालाही आपल्यासारखा अंगठा असतो.

आदल्या दिवशी प्रेमदासनं हाक मारली. "तानबा, येजो जरा. काही चुकलं असन तं सांग."

त्याची नात स्वीटी लॉबस्टर झाली होती, समुद्रातला हातभर लांब झिंगा. जुन्या रेनकोटच्या पट्ट्या एकावर एक चढवून केलेली पाठ, तारेच्या मिशा, काडीवर डोलणारे डोळे. कमरेला आठ पाय, एक हलला की सगळे हलायचे. हातांत फोमच्या टम्म नांग्या, मनगटाशी पक्क्या शिवलेल्या. मी मनातल्या मनात दोघांना शेजारी उभं केलं. माझीला केस, त्याच्याला कवच. माझीचे डोळे नुसते टाचलेले, त्याचे हलणारे. माझीला हातपाय चार, त्याच्याला दहा. त्याच्यापुढे माझी लाजवंती म्हणजे उशीचा अभ्रा.

मग नांग्यांकडे नीट बघितलं. बोटं आत बंद. उद्या ही पोरगी बैलाची दोरी धरणार कशी? स्वतः ओढून आणल्याशिवाय तर बैल मोजतच नाहीत. स्वीटी पहिल्यांदाच उतरत होती, प्रेमदासच्या ध्यानात आलं नव्हतं. तळव्याला एक चीर दिली असती तर काम झालं असतं.

"कसं जमलं?" त्यानं विचारलं.

"एक नंबर," मी म्हणालो आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

चौकात स्वीटीच्या नांगीतून दोरी तीनदा सुटली. बैल आडवा पडला, पोरगी रडायला लागली. परीक्षक प्रभाकरराव म्हणाले, "बैल नाई आला तं नंबर नाई." अंजूनं मुठीत दोरी आवळून आपला बैल थेट मंडपापर्यंत आणला. पहिलं बक्षीस, सातव्यांदा.

गर्दीतून कोणीतरी प्रेमदासला म्हणालं, "तानबाले दाखवून घ्याचं ना आधी. त्याले समजते यातलं."

"दाखवलं होतं ना," स्वीटीचे डोळे पुसत प्रेमदास म्हणाला. "त्याच्याबी ध्यानात नाई आलं. दिसलं असतं तं तो सांगतल्याबिगर राह्यला असता काय?" मग माझ्याकडे वळून हसला. "बोटं कशी शिवली, शिकवजो मले."

मी बरं म्हणालो. त्या माणसाचा इतका हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.