सामूभाऊंच्या मागच्या सीटवरून

सामूभाऊ गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, रूथनं, सकाळी फोन करून सांगितलं. "मावशी, पप्पा गेले..." मग थांबत थांबत बाकीचं सांगितलं. अंगणात बाजेवर बसून पेपर वाचत होते, तिथंच छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. माझ्या गावाहून, कोरीटहून निघून मी विसरवाडीजवळच्या त्यांच्या गावी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि दाराशी मोटारसायकलींची रांग लागली होती. सुरतची, नाशिकची, मला अनोळखी माणसं हेल्मेट काखेत धरून उभी होती. प्रार्थना झाली, माती दिली. त्याला आता पाच आठवडे होतील.

आम्ही दोघं तळोद्याकडच्या एकाच आरोग्य केंद्रात नोकरीला होतो. मी सिस्टर, ते आरोग्यसेवक. लहानपणी आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, मधेमधे शाळा सुटलेला हा माणूस हट्टानं शिकून नोकरीला लागला होता. चांदसैली घाटातून वरच्या पाड्यांवर लसीकरणाला जायचं तर जीप कधी मिळे, कधी नाही. मग सामूभाऊंची मोटारसायकल. मांडीवर लसीचा डबा, तो दोन्ही हातांनी कवटाळलेला आणि माझे डोळे गच्च मिटलेले... मी तापीकाठच्या सपाटीवरची बाई, उजव्या हाताला दरी आहे एवढं कळलं तरी डबा आणखी आवळायचे. ते मात्र वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत चालवायचे. घरची बोली इकडच्या आदिवासींची कोकणी, माझ्याशी कधी आमच्या सपाटीच्या बोलीत, पण पाड्यांवर तिथली पावरी बोलायचे. एखादी आई बाळाला सुई टोचू देईना की मी समजावत बसे. हे आधी तिच्या शेळ्यांची चौकशी करत. अर्ध्या तासानं तीच बाळ घेऊन माझ्यासमोर येई.

निवृत्तीनंतर एकदा मोटारसायकलवर फिरायला आलेले सुरतचे दोन रायडर घाटात रस्ता चुकले होते, त्यांना सामूभाऊ स्वतःच्या गाडीमागून नर्मदेपर्यंत घेऊन गेले. पुढच्या महिन्यात तेच दोघं आणखी चार मित्र घेऊन आले. अशा त्यांच्या घाटातल्या सहली सुरू झाल्या. रविवारी चर्च, म्हणून शनिवारीच जायचं. सकाळी तळोद्याहून निघायचं, घाट चढून धडगाव, तिथून खाली नर्मदा, आणि दिवस मावळायच्या आत परत. पुढं सामूभाऊ, सगळ्यांत मागं रूथ.

गेल्या पावसाळ्यानंतर ते माझ्याकडे आले. "सिस्टर, या शनिवारी चला."

"मला काय दाखवता? अख्खी नोकरी त्या घाटात गेली."

"नोकरी गयी, पन घाट कधी दखा तुम्ही? डोया मिटीसनच बसेत ना."

त्या शनिवारी मी त्यांच्या मागं बसून गेले. मांडीवर डबा नाही, तर हातांचं काय करायचं तेच कळेना. पहिल्या दोन वळणांना मी त्यांचा शर्ट मुठीत धरला आणि मग हळूच डोळे उघडले... साग फुलला होता, उतारावर भगरीची बारकी शेतं, खाली धुक्यात कुठंतरी तापीचा पट्टा. इतकी वर्षं मी यातून जात होते. मला थोडं रडू आलं. ते मागं न बघता म्हणाले, "मी म्हटलं होतं."

माथ्याच्या थोडं आधी केतन नावाचा एक रायडर खडीवरून घसरला. चाळिशीचा, सुरतेत कापडाचं दुकान असलेला माणूस. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. मी जखम धुऊन पट्टी बांधली. पण तो गाडीकडे जाईना. "अंकल, मेरे से नहीं होगा. गाडी टेम्पो में डाल दो," म्हणाला. त्याचे मित्र हसले. सामूभाऊंनी मित्रांना पुढच्या टपरीवर पाठवलं. मग त्याला हेल्मेट काढायला लावलं आणि म्हणाले, "चल, जरा पैदल घूमके आते हैं." दोघं चालत निघाले, मी मागून. पुढची तीन वळणं त्यांनी त्याला पायी दाखवली. खडी कुठं जमते, समोरची गाडी कुठून दिसते, कुठं पाय टेकायला जागा आहे. घाई नाही, उपदेश नाही. मधेच थांबून एका म्हातारीकडून सीताफळं घेतली, ती खाल्ली. परत गाडीशी आलो तेव्हा केतननं हेल्मेट चढवलं. सामूभाऊंनी त्याला आपल्या लगेच मागं ठेवलं आणि इतक्या सावकाश चालवलं, की गुरं आमच्या पुढं गेली.

नर्मदेवर पोचलो तर डोंगरांच्या मधे धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरलेलं. केतन म्हणाला, समुद्रच वाटतोय. सामूभाऊंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. ते खूश होऊन म्हणाले, "मग आमचं काम झालं, आता मुंबईला जायला नको."

ते गेले तेव्हा एका ग्रुपचं येणं आधीच ठरलेलं होतं. रूथची आई म्हणत होती, बस झालं आता, बंद कर. रूथनं मला फोन केला. "मावशी, मला एकटीला पुढं चालवायला भीती वाटत नाही... पण मागची सीट रिकामी नको." मी तिला म्हटलं, रद्द करू नकोस, मी येते.

गेल्या शनिवारी गेलो. पळस पेटलेला होता. रूथ पुढं, मी तिच्या मागं, आणि सगळ्यांत शेवटी केतन. ती जागा त्यानं स्वतःहून मागून घेतली होती. संध्याकाळी तळोद्यात उतरलो, केतन अजून मागं घाटातच होता. हॉटेलवाल्यानं आमच्यापुढं चहा ठेवला. रूथनं कप उचलला नाही. रस्त्याच्या कडेला जाऊन घाटाकडे तोंड करून उभी राहिली. शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय सामूभाऊ चहाला हात लावत नसत, हॉटेलवाल्याला ते माहीत होतं. तो आला, तिचा कप उचलून आत घेऊन गेला आणि म्हणाला, "येऊ दे त्यांना, मग गरम करून देतो."