गोवर्धनकाका आणि माझं दुसरं नाव

गोवर्धनकाकांना मी कधी ताजंतवानं पाहिलं नाही. सकाळच्या बसमध्ये ते ग्रां बुआच्या थांब्यावर चढायचे तेव्हाच दिवस संपल्यासारखे दिसायचे. मी त्याच्याही आधीच्या सूयाक गावाहून येत असल्यामुळे मला खिडकी मिळालेली असायची. ती मी त्यांना द्यायची आणि ते क्यूरपिप येईपर्यंत डोळे मिटून बसायचे. झोपत नसत. "डोल्यांना सुट्टी दिलीय," म्हणायचे.

क्यूरपिप शहरातल्या आमच्या ऑफिसात ऊस उत्पादकांची कार्डं ठेवली जात. कुणाचं शेत कुठे, लावण कोणत्या जातीची, काट्यावर किती ऊस आला, हे सगळं त्यावर असायचं. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला कार्डाला भोकं पाडणारी यंत्रं आली, आणि ती अडकली की काका पाना घेऊन हजर व्हायचे. त्यांचं शिक्षण तेवढंच, हातानं शिकलेलं. पंच्याऐंशी साली ती यंत्रं भंगारात गेली, हिरव्या अक्षरांचे पडदे आले आणि काकांच्या हातातला पाना गेला. इंग्रजीतली चार जाडजूड पुस्तकं देऊन साहेब म्हणाले, आता हे सांभाळा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसानं नवीन किती शिकायचं? पण ते शिकले. तक्रार केली नाही, फक्त जास्त थकले.

नवीन यंत्राचा नियम साधा होता. प्रत्येकानं आपलं नाव टंकायचं, परवलीचा शब्द द्यायचा, मग कामाला लागायचं. कुणी किती कार्डं भरली हे त्या नावावर मोजलं जायचं. पहिल्याच सोमवारी अर्धं ऑफिस बाहेर राहिलं. पडदा म्हणायचा, असा माणूस इथे नाही. काकांनी तारा तपासल्या, खटके उघडझाप केले, पडद्यांची अदलाबदल केली. दोन दिवस गेले. अखेर ते एका बाईच्या मागे नुसते उभे राहिले आणि ती काय टंकते ते बघू लागले, तेव्हा उलगडा झाला.

आमच्या बेटावर आडनाव नेहमी रोमन लिपीतल्या मोठ्या, कॅपिटल अक्षरात लिहायचं असतं. शाळेच्या वहीवर, दवाखान्याच्या चिठ्ठीवर, लग्नाच्या नोंदीत, सगळीकडे. बाईंनी पहिलीत हातावर पट्टी मारून शिकवलेलं. साहेबांनी दिलेल्या यादीतही आडनावं तशीच होती, आणि बाहेर राहिलेले सगळे तशीच टंकत होते. यंत्रात मात्र ती लहान अक्षरात भरलेली. सखाराम हे आमच्याकडे आडनाव; यंत्राला मोठ्या अक्षरातला सखाराम वेगळा आणि लहान अक्षरातला वेगळा, दोघांची ओळखदेखील नाही. मराठीच्या वर्गात आम्ही जी अक्षरं गिरवली त्यांना मोठं-लहान ठाऊकच नाही. गोऱ्यांच्या अक्षरांनाच हा मान-अपमान. त्यांचा रुसवा काढायला मात्र आमचे काका.

ते प्रत्येकाच्या शेजारी बसले. कळफलकावरचा मोठ्या अक्षरांचा खटका दाखवला, तो वर कसा आणायचा ते दाखवलं. पाचव्यांदा चुकणाऱ्यालाही आवाज चढवला नाही. सहा महिन्यांत सगळे सरळ झाले, आणि मग मी त्या ऑफिसात नोकरीला लागले. तात्पुरती, एका वर्षाच्या बोलीवर.

माझ्या बोटांची मोठ्या अक्षरांची सवय जाता जाईना. एका शुक्रवारी मी त्यांना चौथ्यांदा हाक मारली. बाहेर क्यूरपिपचा चिकट पाऊस होता, आमची बस निघायची वेळ झाली होती. ते आले, माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले आणि काहीतरी टंकलं.

"आता कसाबी लिव," म्हणाले. "मोटा लिव, बारीक लिव, दरवाजा उगडेल. फातिगे झालो मी, पोरी."

फातिगे म्हणजे थकलेला. आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीतला शब्द, पण तो त्यांच्या तोंडी जितका मराठी वाटायचा तितका दुसऱ्या कुणाच्या नाही.

मला हायसं वाटलं. त्यांनी नक्की काय केलं ते मी विचारलं नाही. वर्षभर कधी खटका खाली असायचा, कधी वर. मी आत जायची आणि मान मोडून काम करायची.

शहाऐंशीच्या डिसेंबरात मला पत्र मिळालं. वर्षाला सहा हजार कार्डं भरायची होती, तुम्ही एकतीसशे भरलीत, महिनाअखेर काम संपेल. मी बसमध्ये ते पत्र काकांच्या मांडीवर ठेवलं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावणारी मी एकटी, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"त्या दिवशी मी तुजा दुसरा नाव केला," ते म्हणाले. "मोट्या अक्षरांचा. आर्दी कार्डा त्याच्यावर गेली."

"मग साहेबांना तसं सांगा ना."

"सांगून नाय भागनार, लिवून द्यायला लागेल." बाहेर चहाचे मळे सरकत होते, ते तिकडेच बघत बोलत होते. "मासीन चुकली असा लिवला, तर ती कार्डा कोनाचीच नाय. मी केला असा लिवला, तर ती तुजी. पन एका मानसाला दोन नावा द्यायची मनाई हाय. मासीन माज्या हातात ठेवनार नाय मंग."

त्यांच्या निवृत्तीला दहा वर्षं होती. पुढे काय होईल ते मला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं.

"काय करू, रीता?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी लिहिलं नसतं.

"खरं लिहा," मी म्हणाले.

ग्रां बुआ आलं, ते उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं. आठवड्याभरात मी कायम झाले आणि काकांना तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं. तिथे यंत्र नव्हतं, हाकही नव्हती. बसमध्ये मी त्यांना खिडकी देत राहिले, ते घेत राहिले. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुढच्या गणेशचतुर्थीला मी त्यांच्या घरी गेले, पहिल्यांदाच. "बिरोतली रीता," काकांनी बायकोला सांगितलं. बिरो म्हणजे ऑफिस, तेवढी ओळख पुरली. चंद्रकलाकाकींनी मला पाटावर बसवलं, हातावर मोदक ठेवला. काका भिंतीला टेकून बसले, डोळे मिटून.

"आता येळेवर येतात घरी," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "पन बोलत नाय. पुस्तका कपाटात घातली, हात लावत नाय त्यांना. कोन बाय होती म्हनं तुमच्या बिरोत, तिच्यासाटी आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. तू वलखतेस तिला?"

माझ्या तोंडात घास होता. माझं नाव सांगायला मला एवढा वेळ कधीच लागला नव्हता.

"ती नाय आता तितं," काका म्हणाले. डोळे उघडलेच नाहीत. "सोडून गेली."

"बरा झाला," काकी म्हणाल्या, आणि माझ्या हातावर दुसरा मोदक ठेवला. "तू खा गं. तू चांगली हायस, भेटायला तरी आलीस."

मी तोही खाल्ला.