फक्कीबाईची खिडकी

तिला सगळे फक्कीबाई म्हणत. इमारतींचे नकाशे काढणारी बाई, पण कागदावर तिचा मेलीचा भरवसाच नाही! पाया खणण्याआधी मोकळ्या जागेवर पांढऱ्या फक्कीने अख्खी इमारत खऱ्या मापात आखायची आणि तिथे वावरणाऱ्यांना आत बसवून बघायचं, ही तिची खोड. लोक हसले तर हसू देत.

या खेपेला काम होतं पाळणाघराचं आणि त्याला लागून बायकांच्या शिवणवर्गाचं. पोरं तिकडे खेळतील, आया इकडे शिकतील. हे काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. तिची आई ऐन उमेदीत शिवण शिकायला गेली आणि लगेच वर्ग सोडून घरी बसली. का, तर पोरीने रडून आळी डोक्यावर घेतली म्हणे. ती पोर म्हणजे हीच! घरात हे गमतीने सांगत, पण तिला ते सलायचं.

"मधे पक्की भिंत घाला," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "आई दिसली की पोर भोकाड पसरणार." तिलाही पटलं.

आखणीच्या दिवशी भिंतीच्या जागी ताडपत्री टांगली. अलीकडे बायका, पलीकडे पोरं. पोरं खुशाल खेळायला लागली. आणि बायका? "जरा बघून येते हं!" म्हणत एकेक उठली की गेलीच ताडपत्रीमागे. शिकवणाऱ्या बाईंच्या नाकी नऊ आले. अशाने इथे कोण काय शिकणार?

घरी येऊन फक्कीबाईने आईला गाठलं. "खरं सांग, मी रडायचे म्हणून सोडलास वर्ग?"

"छे गं! तू शेजारच्यांकडे मजेत असायचीस. मलाच सुई ओवता यायची नाही. सारखं वाटायचं, पडली असेल, काहीतरी गिळलं असेल."

इतकी वर्षं उगाच मनाला लावून घेतलं की! तिने नकाशा टराटरा फाडला. नव्या नकाशात शिवणवर्ग अर्धा जिना वर चढवला आणि मधल्या भिंतीत लांबलचक खिडकी काढली. मशीनवर बसल्याजागी आईला खालची सगळी खोली दिसेल. खालून पोराने वर पाहिलं तर काचेवर चमकणारा नुसता उजेड.

अध्यक्ष कुरकुरले. तिने त्यांना तेवढ्याच उंचीच्या मचाणावर खुर्चीत बसवलं आणि खाली त्यांच्या नातवाला सोडलं. गृहस्थ नातवाला बघत असे रमले की उतरायला तयार होईनात! नकाशा मंजूर झाला.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी खिडकीजवळच्या मशीनवर कोण बसावं? तिची आई. केस पिकलेले, चष्मा नाकावर. "माझं शिकायचं राहिलंय," म्हणाली आणि बसली.

फक्कीबाई खाली पोरांच्या गराड्यात उभी होती. तिने वर पाहिलं. आई दिसली नाही, नुसता उजेड. पण जराशा सरकवलेल्या काचेच्या फटीतून आवाज आला. आई शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगत होती, "ती खाली पोरांत उभी आहे ना, उंच? ती माझी."