पाय उचलेपर्यंत

मुक्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत होते. तिच्याकडेच निघाले होते. "सुटली बिचारी," असं तिचा भाऊ म्हणाला आणि मला त्याचा राग आला. पाच आठवडे झाले, अजून येतो. सुटली म्हणे... सोडवायला कोण गेलं होतं?

मुक्ता माझी चुलत बहीण, माझ्याच वयाची. घरी मेंढरं. लहानपणी तिचा गुडघा सुजला, तेव्हा तिच्या वडिलांनी, अप्पांनी, लंगड्या मेंढराला देतात तसा विळा तापवून डाग दिला. सूज कधी गेली ते आठवत नाही, वण मात्र राहिला. पुढं ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत वेदनेवरच संशोधन करायला लागली. गांजातलं द्रव्य शरीरात दोन प्रकारच्या ठिकाणी जाऊन बसतं. एका ठिकाणी बसलं की नशा चढते, दुसऱ्याचा संबंध सुजेशी. मुक्तानं तयार केलेलं संयुग फक्त त्या दुसऱ्या ठिकाणी बसायचं. गावानं यातला गांजा तेवढा उचलला आणि तिला 'गांजाची डॉक्टरीण' करून टाकलं. तीही हसायची. सुट्टीत आली तरी तिच्या पर्समध्ये स्टॉपवॉच असायचं. उंदराला गरम पत्र्यावर ठेवायचं, त्यानं पाय उचलला की घड्याळ बंद. औषध दिल्यावर तो उशिरा उचलतो का, हे बघायचं. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "पोळू देत न्हाय गं त्याला. ठरलेली वेळ झाली की आमीच उचलून घेतो."

मग तिच्याच हाडांत कॅन्सर पसरला. शेवटी घरी आणली. सकाळच्या गोळीचा असर दुपारपर्यंत टिकेना. एकदा मी चिडून म्हणाले, "तुझं ते औषध मागव की. बाटल्या पडल्यात न्हवं तिथं?"

"बाटलीवर लिहिलंय, माणसाला द्यायचं न्हाय. म्याच लिहिलंय."

"मरायला टेकलीस तरी?"

"उंदराला चाललं म्हणून माणसाला चालंल, असं न्हाय. अन् म्याच चोरून घेतलं, तर त्या कामावर कोण इश्वास ठेवंल?"

मला तो माज वाटला. खरं सांगायचं तर आजही वाटतो.

शेवटच्या भेटीत मी पोचले तेव्हा अप्पांनी चुलीत विळा घातला होता. मी आडवी गेले. मुक्तानं मलाच गप्प केलं. "करू दे त्यांना. त्यांच्या हाताला दुसरं काय येतंय?" मग उशाखालचं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "धर. पाय उचलला की बंद कर." चेष्टाच करत होती. अप्पांनी विळा तिच्या पायाला टेकवला, मी बटण दाबलं. चामडी जळाल्याचा वास आला... मुक्ता आढ्याकडं बघत पडून राहिली.

"उतरलं का गं बाय?" अप्पांनी विचारलं.

"व्हय अप्पा. लई उतरलं बघा."

त्या दुपारी म्हातारा कितीतरी दिवसांनी शांत झोपला. त्याचं मला कौतुक वाटत नाही.

ते घड्याळ चुकून माझ्याबरोबर आलं. शाळेत, माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा खडू काढताना बघितलं, आकडे अजून पळतायत. पाय उचलला की बंद करायचं होतं, तिनं तो उचललाच नाही. उंदराला वेळ झाली की कुणीतरी उचलून घेतं. मी तर तिच्या पायाशीच उभी होते.